खुब्याचा सांधा : भक्कम उखळ, रक्ताची अरुंद वाट

‘आजी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि कंबरेचे हाड मोडले’ हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येते. त्यातील ‘कंबर’ हा शब्द जरा सैलपणे वापरलेला असतो. कंबरेतील पाठीचा कणा बहुधा शाबूतच असतो. मोडलेले असते ते मांडीचे हाड, आणि तेही अगदी वरच्या टोकाशी, खुब्याच्या सांध्याजवळ. काही दिवसांनी ‘आजींना बॉल बसवला’ अशी पुढची बातमी येते. हा बॉल कसला? तो का बसवावा लागला? खेळताना पडलेल्या मुलाचे मनगट चार-सहा आठवड्यांच्या प्लास्टरने जुळते, मग आजींचे हाड तसे का जुळले नाही?

या प्रश्नांची उत्तरे खुब्याच्या सांध्याच्या रचनेत आहेत. हा सांधा एकाच वेळी दोन परस्परविरोधी कामे करतो. सबंध धडाचा भार त्याला पेलायचा असतो आणि पायाला जवळजवळ सर्व दिशांना हलूही द्यायचे असते. निसर्गाने ही अडचण मोठ्या युक्तीने सोडवली आहे. पण त्या युक्तीची किंमतही आपण मोजतो. ती किंमत कोणती, ती कोणत्या वयात कशी मोजावी लागते आणि त्यातले काय टाळता येते, ते या लेखात पाहू या.

सांधा नेमका कोठे असतो?

वर्गात मुलांना ‘खुब्याच्या सांध्यावर बोट ठेवा’ असे सांगून पाहा. बहुतेक जण मांडीच्या वर, बाहेरच्या बाजूला जो टणक उंचवटा हाताला लागतो, त्यावर बोट ठेवतील. हा उंचवटा मांडीच्या हाडाचाच भाग आहे, पण तो सांधा नव्हे. खरा सांधा त्याच्या बराच आत, जांघेच्या मध्याच्या मागे, खोलवर दडलेला आहे. जाड स्नायूंनी तो चोहीकडून वेढलेला असल्यामुळे गुडघ्यासारखा तो चाचपता येत नाही.

हा फरक व्यवहारातही उपयोगी पडतो. खुब्याचा सांधा खरोखर बिघडला असेल तर दुखणे बहुधा जांघेत जाणवते. ‘खुबा दुखतो’ म्हणून कुल्ल्यावर किंवा मागे कंबरेवर हात ठेवणाऱ्या माणसाचे दुखणे पुष्कळदा कण्यातून आलेले असते.

उखळ आणि गोळा

पाठ्यपुस्तकात या सांध्याला ‘उखळीचा सांधा’ म्हटलेले असते, आणि ते नाव चपखल आहे. ओटीपोटाभोवती हाडांचे जे कडे असते त्याला श्रोणी म्हणतात. श्रोणीच्या दोन्ही बाजूंना एकेक खोलगट वाटी असते, ही उखळ. वैद्यकीय परिभाषेत तिला ‘ॲसिटॅब्युलम’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शिरका ठेवण्याची वाटी असा आहे. ही वाटी एका हाडाची नसून तीन हाडे तिच्या तळाशी एकत्र येतात. लहान मुलांत या तीन हाडांमध्ये कूर्चेची तीन फाट्यांची पट्टी असते. मूल वयात येते त्या सुमारास ती पट्टी हाडात रूपांतरित होऊन तिन्ही हाडे एकजीव होतात.

या वाटीत बसतो मांडीच्या हाडाचा गोळा. तो पूर्ण गोल नसून गोलाच्या सुमारे दोन-तृतीयांश भागाएवढा असतो आणि प्रौढ माणसात त्याचा व्यास साधारण साडेचार ते पाच सेंटिमीटर भरतो. वाटीच्या कडेला चिवट कूर्चेची एक गोल किनार असते. तिच्यामुळे वाटी अधिक खोल होते आणि झाकणाच्या रबरी कड्याप्रमाणे आतला वंगणद्रव आतच राहतो. गोळा आणि वाटी या दोहोंवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर आहे. मात्र वाटीतील अस्तर सलग नसून घोड्याच्या नालेसारखे आहे. उरलेल्या खोलगट भागात चरबी असते आणि तेथून एक छोटा अस्थिबंध गोळ्याच्या मध्याशी जोडलेला असतो.

खांद्याचा सांधाही याच जातीचा आहे. पण तेथील वाटी बशीसारखी उथळ असते. म्हणून खांदा अधिक मोकळेपणाने फिरतो, आणि निखळतोही लवकर. खुब्याने थोडा मोकळेपणा सोडून स्थैर्य मिळवले आहे. तरीही गुडघा वाकवून मांडी पोटाकडे आणली तर ती सुमारे १२० अंश वर येते, आणि पाय बाहेरच्या बाजूला सुमारे ४५ अंश नेता येतो. मांडी घालून बसताना मांडी वर घेणे, बाहेर नेणे आणि बाहेरच्या अंगाला वळवणे अशा तीन हालचाली आपण एकदम करतो. सांधा बिघडू लागला की हीच बैठक आधी अवघड होते. ‘हल्ली मांडी घालता येत नाही, पायाची नखे काढता येत नाहीत’ या तक्रारी म्हणूनच गांभीर्याने घ्यायला हव्यात.

सांध्याभोवती एक मजबूत पिशवी असते आणि तिला बळकटी देणारे तीन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा, उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा अस्थिबंध शरीरातील सर्वांत मजबूत मानला जातो. हे अस्थिबंध मानेभोवती पीळ घेऊन गेलेले असतात. पाय मागे नेला की पीळ घट्ट होतो आणि मांडी वर घेतली की सैल पडतो. आपण सरळ उभे राहतो तेव्हा धडाचा भार सांध्याच्या किंचित मागे पडतो. धड मागे कलंडू पाहते आणि हा ताणलेला अस्थिबंध त्याला धरून ठेवतो. रेशनच्या रांगेत तासभर उभे राहूनही खुब्याचे स्नायू फारसे थकत नाहीत, ते यामुळे.

याउलट, बसलेल्या स्थितीत अस्थिबंध सैल असतात. मोटारीत पुढच्या आसनावर बसलेल्या माणसाचा गुडघा अपघातात समोरच्या फळीवर आदळला, तर तो धक्का मांडीच्या हाडातून थेट सांध्यात जातो आणि गोळा वाटीच्या मागच्या कडेवरून बाहेर निसटतो. खुबा निखळण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

मान कशासाठी?

मांडीच्या हाडाच्या खोडावर हा गोळा थेट बसवलेला नाही. गोळा आणि खोड यांच्यामध्ये एक तिरकी मान आहे. प्रौढात ती खोडाशी सुमारे १२५ ते १३० अंशांचा कोन करते. भार पेलायचा तर सरळ खांब उत्तम. मग निसर्गाने ही वाकडी मान का ठेवली असावी?

याचे उत्तर एका पायावर उभे राहिल्यावर मिळते. उजव्या पायावर उभे राहा आणि उजवा तळहात त्याच बाजूच्या खुब्याच्या वरच्या भागावर, उंचवटा आणि श्रोणीची कड यांच्या मध्ये ठेवा. तेथील स्नायू एकदम कठीण झालेला जाणवेल. त्याचे नाव ग्लुटियस मिडियस. हा आणि त्याच्या जोडीचे स्नायू श्रोणीपासून निघून मांडीच्या त्या बाहेरच्या उंचवट्यावर येऊन चिकटतात. ते ताणले गेले नाहीत तर श्रोणी डाव्या बाजूला कोसळेल.

ही सरळसरळ पहिल्या प्रकारची तरफ आहे. गोळा हा टेकू, त्याच्या एका बाजूला धडाचा भार, दुसऱ्या बाजूला स्नायूंचे बल. हिशेब करून पाहू. माणसाचे वजन ६० किलोग्रॅम धरू. ज्या पायावर तो उभा आहे त्याचे सुमारे १० किलोग्रॅम वजा केले तर सांध्यावर ५० किलोग्रॅम भार राहतो. या भाराचा मध्य सांध्यापासून सुमारे १० सेंटिमीटर दूर पडतो. स्नायूंचे बल सांध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवर लागते. तोल साधायचा तर :

५० × १० = स्नायूंचे बल × ५

म्हणजे स्नायूंना १०० किलोग्रॅम भाराएवढा जोर लावावा लागतो. टेकूवर दोन्हींची बेरीज येते. गोळ्यावरचा दाब होतो १५० किलोग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या अडीच पट! स्नायूंची दिशा तिरकी असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा निराळा येतो, पण अंदाज बरोबर आहे. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. बर्लिनमधील गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम सांध्यात मोजयंत्रे बसवून हा दाब प्रत्यक्ष मोजला. साध्या चालीत तो वजनाच्या सुमारे अडीच पट आढळला, तर चुकून अडखळल्यावर सात-आठ पटींपर्यंत गेला.

आता मानेचा उपयोग ध्यानात येईल. मानेमुळे स्नायूंची जोडणी टेकूपासून दूर जाते. मान नसती तर ते ५ सेंटिमीटरचे अंतर आणखी कमी झाले असते आणि स्नायूंना कितीतरी जास्त जोर लावावा लागला असता. शिवाय बारीक मानेमुळे हाड वाटीच्या कडेवर लवकर अडकत नाही आणि पाय मोकळा फिरतो. चिंपांझीलाही मान आहे, पण त्याच्या श्रोणीची पाती पाठीकडे असल्यामुळे हेच स्नायू त्याला बाजूचा तोल देऊ शकत नाहीत. दोन पायांवर चालताना तो डुलत चालतो. इथिओपियात १९७४ साली सापडलेल्या, सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीच्या ‘ल्युसी’च्या श्रोणीची पाती मात्र बाजूला वळलेली आहेत. ती दोन पायांवर चालत होती याचा हा एक महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

याच तरफेतून काठीचे कोडेही सुटते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी कोणत्या हातात धरावी? बहुतेक जण उजव्या म्हणतील. पण डाव्या हातातील काठी सांध्यापासून सुमारे ४० सेंटिमीटर दूर असते. तिच्यावर अवघा ६ किलोग्रॅम भार टाकला तरी ६ × ४० = २४० एवढे काम स्नायूंऐवजी काठी करते. स्नायूंकडे ५०० ऐवजी २६० उरतात, म्हणजे ५२ किलोग्रॅम बल पुरते. सांध्यावरचा दाब ५० + ५२ − ६ = ९६ किलोग्रॅमवर येतो. दीडशेचे शहाण्णव! दुखऱ्याच बाजूला काठी धरली तर अंतराचा हा फायदा मिळत नाही. आठवी-नववीच्या वर्गात तरफ शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

हे स्नायू दुबळे झाले, किंवा टेकूच जागेवरून सरकला, तर एका पायावर उभे राहताना उचललेल्या पायाच्या बाजूची श्रोणी खाली झुकते. जर्मन शल्यविशारद फ्रीडरिख ट्रेन्डेलेनबुर्ग यांनी १८९५ साली वर्णन केलेली ही खूण आजही प्रत्येक अस्थिरोगतज्ज्ञ तपासतो.

हाडातील यारी

मान तिरकी असल्यामुळे तिच्यावर वाकवणारे बल येते. तिची खालची बाजू दाबली जाते, वरची ताणली जाते. १८६६ साली झ्युरिकमध्ये कार्ल कुलमान या अभियंत्याने शरीरशास्त्रज्ञ हेर्मान फॉन मायर यांच्याकडे मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. हाडाच्या आतील बारीक तंतूंची जाळी पाहून तो चकित झाला; कारण माल उचलणाऱ्या वाकड्या यारीतील ताण आणि दाबाच्या ज्या रेषा तो कागदावर काढत असे, जवळजवळ तशाच रेषांत हे तंतू मांडलेले होते. पुढे १८९२ साली यूलिउस वोल्फ यांनी नियम मांडला की, हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली बांधणी बदलते. वापरलेले हाड बळकट होते, न वापरलेले विरळ होते.

वय वाढते तशी ही जाळी विरळ होऊ लागते. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांमध्ये हे अधिक वेगाने घडते. १९७० साली मनमोहन सिंग आणि त्यांचे सहकारी या भारतीय डॉक्टरांनी दाखवले की, ही जाळी ठराविक क्रमाने नाहीशी होत जाते. मानेच्या साध्या क्ष-किरण चित्रावरून हाडाच्या विरळपणाची पायरी ठरवण्याची त्यांची पद्धत ‘सिंग निर्देशांक’ म्हणून जगभर ओळखली गेली. आज घनता मोजणारी यंत्रे आली असली तरी, वयस्कर माणसाची मान साध्या पडण्याने का मोडते हे या चित्रांतून चांगले समजते.

रक्ताची वाट

आता लेखाच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. मोडलेले हाड जुळायचे तर रक्त हवे. गोळ्याला रक्त मिळते कोठून?

गोळा वाटीत बंदिस्त आहे आणि त्याचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने झाकलेला आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. म्हणजे बाजूने शिरायला वाट नाही. वाटीतून येणाऱ्या छोट्या अस्थिबंधातून एक बारीक रोहिणी येते खरी, पण प्रौढात ती पुरेशी नसते. मुख्य पुरवठा खालून होतो. मांडीतील एका रोहिणीची फांदी मागच्या बाजूने मानेच्या तळाशी येते, तेथून तिच्या शाखा सांध्याच्या पिशवीत शिरतात आणि मानेच्या हाडाला चिकटून वर चढत गोळ्यात प्रवेश करतात. गावाला जाणारा एकच घाटरस्ता असावा, तसे हे आहे.

मान मोडली आणि तुकडे सरकले की हा रस्ताच तुटतो. शिवाय मानेचा बराचसा भाग पिशवीच्या आत असल्यामुळे मोडीभोवती वंगणद्रव खेळत राहतो, आणि हाडावरील जे आवरण इतरत्र नवे हाड तयार करते त्याचा कार्यक्षम थर मानेवर नसतो. मनगटाला यांपैकी एकही अडचण नाही, म्हणून ते जुळते. त्याचप्रमाणे मोड दोन-तीन सेंटिमीटर खाली, पिशवीच्या बाहेर झाली असेल तर तेथे रक्त भरपूर असते. सळई किंवा पट्टी-स्क्रूने आधार दिला की ती हटकून जुळून येते. घरच्यांना दोन्ही प्रकार ‘कंबर मोडली’ असेच वाटतात, पण डॉक्टर एका आजींना स्क्रू बसवतात आणि दुसऱ्या आजींचा गोळाच बदलतात, त्याचे कारण हे आहे.

वयाप्रमाणे निरनिराळे धोके

तान्हे बाळ : जन्माच्या वेळी वाटी उथळ आणि बरीचशी कूर्चेची असते. गोळा वाटीत नीट बसलेला असेल तरच ती त्याच्याभोवती गोल घडत जाते. काही बाळांत गोळा सैल असतो किंवा निसटलेला असतो. पायाळू जन्मलेल्या बाळांत आणि मुलींत हे प्रमाण अधिक आहे. इटलीतील मारिनो ऑर्तोलानी यांनी १९३७ साली सांगितलेल्या हाताच्या तपासणीने नवजात बाळात हा दोष ओळखता येतो. पहिल्या काही महिन्यांत साध्या पट्ट्यांनी मांड्या फाकवून ठेवल्या की तो बहुधा बरा होतो. चालू लागल्यावर ध्यानात आला तर शस्त्रक्रिया करावी लागते. बाळाचे पाय सरळ जुळवून दुपट्यात घट्ट आवळून ठेवणे हे या सांध्याला घातक आहे. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास अशा बांधण्याविरुद्ध मोहीम हाती घेतल्यावर खुबा निखळण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. आपल्याकडे मूल कडेवर घेतात तेव्हा त्याच्या मांड्या फाकलेल्या राहतात आणि गोळा वाटीत नीट बसतो. ही जुनी रीत शास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे. दुपटे गुंडाळायचेच तर पाय मोकळे हलतील असे गुंडाळावे.

चार ते आठ वर्षे : या वयात गोळा आणि मान यांच्यामध्ये वाढीची कूर्चा असते आणि तिच्यातून रक्तवाहिन्या पलीकडे जात नाहीत. जोसेप त्रुएता यांनी १९५७ साली दाखवल्याप्रमाणे, या वर्षांत गोळा जवळजवळ सर्वस्वी मानेवरून चढणाऱ्या वाहिन्यांवरच अवलंबून असतो. याच वयात, मुख्यतः मुलग्यांमध्ये, पेर्थेसचा आजार होतो. गोळ्याचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होतो, हाडाचा काही भाग मरतो, मऊ पडतो आणि दोन-चार वर्षांत पुन्हा नवा बनतो. रक्त का थांबते हे कोडे अजून सुटलेले नाही. १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागेपर्यंत असे लंगडणारे मूल क्षयाचे रोगी समजले जाई. १९१० साली लेग, काल्व्हे आणि पेर्थेस या तीन देशांतील तिघांनी स्वतंत्रपणे हा निराळा आजार असल्याचे ओळखले. अर्थात आपल्या देशात खुब्याचा क्षयही अद्याप आढळतो. दोहोंतला भेद तपासणीनेच ठरतो.

दहा ते सोळा वर्षे : उंची झपाट्याने वाढत असताना वाढीच्या कूर्चेचा पट्टा कमजोर पडतो. काही मुलांत, विशेषतः वजन जास्त असलेल्या मुलांत, मान या पट्ट्यापासून सरकू लागते आणि कोनावरचे आइस्क्रीम घसरावे तसा गोळा मागे पडल्यासारखा दिसतो. येथे एक फसवणूक होते. पुष्कळदा मूल खुब्याची नव्हे, तर गुडघ्याची किंवा मांडीच्या पुढच्या भागाची तक्रार करते. खुबा आणि गुडघा या दोहोंना काही समान चेतातंतू जातात आणि मेंदूची जागा ओळखण्यात गल्लत होते. मग गुडघ्याचे क्ष-किरण चित्र काढले जाते, ते निर्दोष येते, मलम लावून मुलाला परत खेळायला पाठवले जाते, आणि एखाद्या दिवशी गोळा पूर्ण सरकून रक्ताची वाट तुटते. वेळीच ओळखले तर एका स्क्रूने तो जागच्या जागी धरून ठेवता येतो.

तारुण्य आणि मध्यमवय : येथे मान न मोडताही गोळा मरू शकतो. दीर्घकाळ किंवा मोठ्या मात्रेत घेतलेली स्टिरॉइड औषधे आणि अतिमद्यपान ही त्याची प्रमुख कारणे आहेत. कोविडच्या साथीनंतर, २०२१ साली, स्टिरॉइड उपचार घेतलेल्या अशा रुग्णांची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली होती. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी या अरुंद वाटेत अडकतात आणि तरुण वयातच गोळा निकामी होतो. अपघातात निखळलेला खुबाही याच गटात मोडतो. निखळलेल्या स्थितीत वाहिन्या ताणलेल्या राहतात. म्हणून शक्यतो सहा तासांच्या आत तो बसवावा, असे शल्यशास्त्र सांगते.

वार्धक्य : वृद्ध माणूस पडला, उठता येईना, पाय आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले दिसले, तर खुब्याजवळचे हाड मोडले असे बहुधा समजावे. मात्र तुकडे एकमेकांत रुतून बसले असतील तर रोगी कसाबसा चालतोही. म्हणून पडल्यानंतर जांघ दुखत असेल तर चालता येते एवढ्यावर निश्चिंत राहू नये. अनेक देशांतील पाहण्यांत असे आढळते की, या मोडीनंतर एका वर्षाच्या आत शेकडा २० ते ३० वृद्ध दगावतात. ते मोडीने नव्हे, तर अंथरुणाला खिळल्याने. न्यूमोनिया, शय्याव्रण, पायातील शिरांत रक्ताच्या गाठी ही खरी कारणे. म्हणूनच पायाला वजन लावून महिनोन्‌महिने झोपवून ठेवणे किंवा हाडवैद्याकडून मालीश करून घेणे यांत मौल्यवान दिवस वाया जातात. ‘एवढ्या वयात शस्त्रक्रिया कशाला?’ असा प्रश्न घरी विचारला जातो. उत्तर असे की, शक्य तर दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून लगेच उभे करणे हेच एवढ्या वयात अधिक सुरक्षित असते.

कृत्रिम सांधा

गोळा वाचणार नसेल तर तो बदलतात. वाटी चांगली असेल तर फक्त धातूचा गोळा. तीही झिजली असेल तर दोन्ही. आजच्या कृत्रिम सांध्याचे श्रेय मुख्यतः इंग्लंडमधील जॉन चार्नली यांना जाते. त्यांनी धातूचा लहान गोळा आणि टेफ्लॉनची वाटी वापरून सुमारे तीनशे रुग्णांवर शस्त्रक्रिया केल्या. सुरुवातीला यश अपूर्व वाटले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले आणि त्याच्या कणांनी भोवतालचे हाड पोखरले. चार्नली यांनी हे अपयश उघडपणे मान्य केले, दुसरा पदार्थ शोधला आणि टेफ्लॉन व नवे पॉलिएथिलीन यांचे तुकडे स्वतःच्या मांडीत बसवून त्यांची प्रतिक्रिया पाहिली. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी वापरायला सुरुवात केली. त्या तत्त्वावरचे सांधे पुष्कळ रुग्णांत वीस वर्षांहून अधिक टिकतात. गंमत अशी की, कृत्रिम सांध्याला रक्ताची गरजच नसते. जी वाट तुटली म्हणून सारे घडले, तिचा प्रश्नच तेथे उरत नाही. मात्र वोल्फचा नियम तेथेही लागू आहे. भोवतालचे हाड टिकवायचे तर चालते राहिले पाहिजे.

शिक्षकांच्या नजरेसाठी

मूल रोज पाच-सहा तास शिक्षकांच्या डोळ्यांसमोर असते. ते लंगडते आहे हे कित्येकदा पालकांच्या आधी शिक्षकांना दिसते. लंगडणे आठवड्याभरात थांबले नाही, मांडी घालून बसताना मूल एक पाय पुढे सोडू लागले, दहा-बारा वर्षांचा मुलगा कवायतीच्या वेळी सारखा गुडघा धरू लागला, तर ‘आळशीपणा’ किंवा ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. पालकांना बोलावून, गुडघ्याबरोबर खुबाही तपासून घ्यायला सांगावे आणि तोवर त्या मुलाला धावण्याच्या तासातून सूट द्यावी. लंगडण्याबरोबर ताप असेल, पाय हलवू देत नसेल, तर मात्र एक दिवसही थांबू नये; सांध्यात पू झाला तर त्याच्या दाबाने हीच वाट बंद पडते.

मोठ्या वर्गातील मुलांना घरचा एक अभ्यासही देता येईल. ज्या घरात वयस्कर माणसे आहेत तेथील न्हाणीघराची ओली फरशी, दाराचा उंबरा, रात्रीचा अंधार आणि सैल चपला यांची पाहणी करून काय बदलता येईल ते लिहून आणायला सांगावे. तरफेचा हिशेब आणि ही पाहणी असे दोन्ही एकाच धड्यात बसते. त्यातून एखाद्या घरात न्हाणीघरात धरायला दांडी बसली, किंवा एखाद्या मुलाचा खुबा वेळेवर तपासला गेला, तर या लेखाचा हेतू सफल झाला असे आम्ही समजू.